काढून टाकलेला प्रश्न

उमरग्याच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये श्रावस्ती सुरवसे सिव्हिल शिकवते आणि मी ग्रंथालय सांभाळते. माझं नाव अयोध्या. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो, त्यामुळं तिच्या पीएचडीची पाचही वर्षं मी जवळून पाहिली. इथं सांगतेय ते काही तिनं सांगितलेलं आहे, काही माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं.

ती माकणीची. वडील श्रीपती पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, हे त्यांचं काम. आई मथुराबाई पूर्वी धरणाच्या कामावर मजुरीला जायच्या. पाणी कुठून येतं, कुठं अडतं आणि कुणामुळं अडतं, याच्या गोष्टी ऐकतच पोर वाढली. म्हणून २०१८ मध्ये तिनं संशोधनाला घेतलेला विषय ऐकून मला नवल वाटलं नाही. ग्रामीण नळयोजनांमधली जोखीम आणि शाश्वत विकास, असा तो विषय. मला काही उमगेना, तेव्हा तिनं डब्यातली भाकरी मोडत समजावलं होतं.

"अगं, एखाद्या गावात टाकी उभी राहते, पण पाइप येत नाही. दुसऱ्या गावात पाइप पुरतात, तर वीजजोडणी नाही. काम कशाकशानं अडेल, हे आधी ओळखायचं, ती जोखीम. आणि उद्घाटन होऊन दहा वर्षं झाल्यावरही नळाला पाणी येतंय का, ते शाश्वत."

तिनं बारा गावं निवडली. गावांची नावं प्रबंधात द्यायची नाहीत, असा नियम, म्हणून ती गाव क्रमांक एक ते बारा. काम अडवणाऱ्या बेचाळीस गोष्टींची यादी केली: सिमेंटचा तुटवडा, जागेचा वाद, ठेकेदार पळून जाणं, विहीर आटणं, असं बरंच काही. इंजिनिअर, ठेकेदार, सरपंच, पाणी सोडणारे अशा माणसांनी प्रत्येक गोष्टीला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे काळजी नको, पाच म्हणजे मोठा धोका. आधी तीस जणांवर फॉर्म तपासून पाहिला. त्यात एकोणचाळिसावा प्रश्न साथरोगाचा होता.

त्या प्रश्नाला लोक हसले. बसप्पा नावाचे एक वयस्कर ठेकेदार होते, त्यांनी तर पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे कशाला लिवलंय? आता काय पटकी-प्लेगाचं राज्य हाय व्हय?" म्हणाले आणि एक गुण दिला. तिसांची सरासरी निघाली एक पूर्णांक तीन, बेचाळीस प्रश्नांत सगळ्यांत कमी. फॉर्म लांब होतोय, लोक कंटाळतात, म्हणून तिचे मार्गदर्शक बिराजदार सर म्हणाले, सगळ्यांत कमी गुणांचा तो एक काढून टाक. तिनं काढला. एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म छापला आणि २०१९ च्या पावसाळ्यानंतर ती स्कूटीवरून गावं फिरू लागली.

दोनशे फॉर्म भरून घ्यायचे होते. एकशे बारा झाले आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं.

हायवेलगत राहणाऱ्या आम्हाला ट्रकच्या आवाजाची इतकी सवय, की तो थांबल्यावर पहिले काही दिवस कान दुखल्यासारखं व्हायचं. मग त्याच रस्त्यानं हैदराबादकडून माणसं चालत यायला लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. श्रावस्ती त्याआधीच माकणीला गेली होती. तिथून ती फोन करायची आणि हळूहळू फोनवर बोलेनाशी झाली. एकदा मीच विचारलं, काय झालं?

"माझ्या बाराही गावांतली कामं थांबलीत," ती म्हणाली. "मजूर गेले. पाइपांच्या गाड्या कर्नाटकच्या हद्दीवर उभ्या आहेत. आणि हे सगळं ज्यानं थांबवलं, तो प्रश्न मी माझ्या हातानं खोडला. दोन वर्षं मी धोके मोजत फिरले, अयोध्या, आणि खरा धोका तेवढा कागदावरून काढून टाकला. हे संशोधन आता कुणाला दाखवू?"

उत्तर तिच्या घरातच निघालं, तेही न मागता.

एप्रिलमधली सकाळ होती. ती ओट्यावर फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. मथुराबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "असं तोंड कशापायी केलंस?"

तिनं सांगितलं. सोप्या शब्दांत, पण सगळं सांगितलं.

"भूकंपाच्या आदल्या दिशी कुणी यादी केली व्हती का?" मथुराबाई म्हणाल्या आणि सुपातला खडा वेचून टाकला.

श्रीपती आबा खाटेवर पडले होते. ते उठून बसले. "यादी काय घिऊन बसलीस," ते म्हणाले. "त्र्याण्णवला सास्तुराकडं गावंच्या गावं आडवी झाली. सरकारची माणसं यायला येळ लागला. आमी धरणाच्या कोठाराचं कुलूप तोडलं, पहारी काढल्या अन् पहाट फुटायला चालत निघालो. दुपारपत्तुर जितकी माणसं निघाली, ती जवळच्यांनीच काढली. पहारी कुठं हायती, ते आमाला ठावं व्हतं म्हणून जमलं."

ते पुढंही बोलत राहिले, कुठल्या गावात कोण सापडलं वगैरे. श्रावस्तीचं लक्ष मात्र पहारींवर अडकलं. तिनं फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: काम अडलं, तेव्हा जवळ कोण होतं?

त्याच दिवशी तिनं बिराजदार सरांना फोन केला. सर लातूरला राहतात, मोजकं बोलतात. तिनं म्हटलं, ज्या तीस जणांनी साथरोगाला गुण दिले होते, त्यांनाच पुन्हा विचारते. आणि बारा गावांत या दिवसांत पाणी कसं चाललंय, तेही विचारते.

"कसं विचारणार? बाहेर पडता येत नाही."

"फोनवर, सर."

सर म्हणाले, "साथ जगात कुणीही मोजेल. साथीच्या आधी त्याच माणसांना तोच प्रश्न विचारलेला असणं, हे फार थोड्यांकडं असेल. तुझ्याकडं ते आहे. विचार."

फोन ठेवून ती आईला म्हणाली, माय, भूक लागलीय. मथुराबाई ही गोष्ट अजून सांगतात. आठवड्यात पोरीनं पहिल्यांदा मागून खाल्लं होतं.

फोनवर लोक नुसते गुण देत नव्हते, गोष्टीही सांगत होते. ती मध्ये न बोलता लिहून घ्यायची. गाव क्रमांक सहामध्ये नवी योजना होती. मोटर आपोआप चालू-बंद करणारं पॅनल बसवलेलं. मे महिन्यात त्यातलं एक कार्ड जळालं. दुरुस्तीचा माणूस पुण्याचा, त्याला पास मिळेना. एकोणीस दिवस गाव टँकरवर राहिलं. फॉर्ममधल्या गुणांप्रमाणं याच गावाला सगळ्यांत कमी धोका होता.

गाव क्रमांक सात तिथून चार कोसांवर. तिथं जुनी मोटर, जुने व्हॉल्व्ह, गुणांप्रमाणं धोकाही मोठा. पाणी सोडायचं काम हरिबा करायचे. ते लग्नाला सोलापूरला गेले आणि परतल्यावर त्यांना चौदा दिवस शाळेत वेगळं ठेवलं. श्रावस्तीनं त्यांच्या नंबरवर फोन केला, तर त्यांची बायको हरणाबाई बोलल्या.

"त्यांस्नी साळंत ठिवलंय," त्या म्हणाल्या. "पाणी म्या सोडते."

"तुम्हाला येतं का ते सगळं?"

"चार येळा बघितलेलं. पयल्या दिशी चावी उलटी फिरवली, वरल्या गल्लीला पाणीच न्हाय. मग मी साळंच्या कुंपणापशी गेले. ते आतनं सांगायलेत, मी भाईरनं ऐकायले. दुसऱ्या दिशी ठेका धरला."

"आणि मोटर बिघडली तर?"

"बिघडली की. तिला आत माती झाली व्हती. मल्हार हाय, भावकीतला. शेतातल्या जळालेल्या मोटरी भरतो, दुरुस्त करतो. त्यानं उघडली." मग त्यांनी विचारलं, "ह्ये तुमी कशात लिवणार, बाई?"

"पुस्तकात."

"मग शेरडं राखून केलं, आसं लिवा. सकाळी पाणी सोडायचं, मग शेरडं."

श्रावस्तीनं ते तसंच लिहिलं. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात आहे.

सप्टेंबरपर्यंत तिसांपैकी सत्तावीस जण झाले. दोघं वारल्याचं घरच्यांनी सांगितलं. तेव्हा तिनं फॉर्मबद्दल काही विचारलं नाही, नुसतं बोलून फोन ठेवला. राहिले बसप्पा. ते सोलापूरला दवाखान्यात आहेत, अवघड आहे, असं तिला एका सरपंचानं सांगितलं होतं. तिच्यानं नंबर फिरवला जाईना. मी म्हटलं, राहू दे, सत्तावीस पुरेत. ती म्हणाली, "प्रश्न पुरण्याचा नाही. त्यांनी मला दोनदा चहा पाजलाय, त्यांची विचारपूस तरी करायला नको?"

तीन आठवडे थांबून तिनं फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एका बाईनं उचलला. श्रावस्तीनं स्वतःची ओळख दिली. पलीकडं नुसती पावलं वाजत राहिली. तेवढ्या वेळात ती मनात सांत्वनाचं वाक्य जुळवत होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. आणि मग फोनवर बारीक, दम लागलेला आवाज आला.

"मॅडम, पाच लिवा."

ती म्हणाली, "काय?"

"त्या तुमच्या प्रश्नाला. मागं हासलो व्हतो मी. पाच लिवा. दहा आसलं तर दहा."

ती हसली की रडली, हे तिलाही नीट सांगता येत नाही. मथुराबाई म्हणतात, दोन्ही. बसप्पांना बोलायची मनाई होती, तरी ते दोन मिनिटं बोलले आणि शेवटी बायकोनं फोन काढून घेतला.

अठ्ठावीस जणांची सरासरी निघाली चार पूर्णांक सहा. आधीची एक पूर्णांक तीन. सर म्हणाले, "आता प्रत्येकाचं जुनं आणि नवं उत्तर समोरासमोर मांड. त्यासाठी पहिले मूळ फॉर्म लागतील, सह्यांसकट. समिती तेच मागणार."

सरासरीचा तक्ता तिच्याकडं होता. एकेकाचे गुण मात्र फक्त त्या तीस कागदांवर होते आणि ते कागद कॉलेजात, तिच्या कपाटात. अडचण अशी की जुलैत आमचं कॉलेज कोविड केंद्राला दिलं गेलं होतं. वर्ग रिकामे करायला आम्हाला एक दिवस मिळाला, तो माझा पुस्तकं हलवण्यातच गेला. ती तेव्हा माकणीला होती, गावाच्या वेशी बंद होत्या.

जानेवारी २०२१ मध्ये इमारत परत मिळाली. आम्ही दोघी गेलो. फरशीला औषधाचा वास येत होता. तिच्या खोलीत कपाट होतं, उघडंच. आत काहीही नव्हतं.

कार्यालयात विचारलं, तर एक जण म्हणाला, खोल्यांमधले कागद मागच्या खड्ड्यात जाळले, संसर्ग नको म्हणून. दुसरा म्हणाला, काही सामान टेंपोनं हलवलं. कुणाला नक्की माहीत नव्हतं. आम्ही मागं जाऊन खड्डा पाहिला. राख पावसानं बसून गेली होती. श्रावस्ती तिथं काठावर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "तीसच तर कागद होते."

सामान हलवलं होतं आमचे शिपाई धोंडप्पा यांनी. ते आळंदकडं गावी गेलेले आणि त्यांचा फोन लागेना. आठ दिवस ती रोज फोन करत राहिली. वर्गात शिकवायची, बाहेर येऊन फोन लावायची. आठव्या दिवशी डब्याच्या वेळी लागला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"धोंडप्पामामा, माझ्या कपाटातले कागद?"

"हायेत की."

तिनं माझा हात धरला. "कुठं?"

"टेस्टिंग लॅबमधी. ती माती वाळवायची भट्टी न्हाय का, तिच्यात ठिवलेत. उंदीर लई झाले व्हते. तिचं दार पक्कं बसतंय."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मातीचे नमुने एकशे दहा अंशांवर चोवीस तास वाळवायचा तो ओव्हन. आणि कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला होता.

"मामा, तो कुणी चालू केला असला तर?"

"कशानं करतील? वायरीचा प्लगच मी सोडवून खिशात घातला. माज्याकडंच हाय." मग जरा रागावल्यासारखे म्हणाले, "साहेब म्हणले समदं जाळा. पर कागदावर लोकांच्या सह्या व्हत्या. सही केलेलं म्या कसं जाळू?"

लॅबची किल्ली आणायला मी धावले. ओव्हनचं दार घट्ट होतं, दोघींनी मिळून ओढलं. आत मधल्या जाळीवर सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. तिनं तिथंच खाली बसून मोजले. तीस. बसप्पांचा फॉर्म वरून चौथा, एकोणचाळिसाव्या प्रश्नापुढं ठळक एक. ती तो कागद धरून बसून राहिली आणि तिचे खांदे खाली आले. इतके महिने ते वर ओढलेले होते, हे मला तेव्हा कळलं.

इथं संपलं असतं, तर बरं होतं. पण संशोधनात कुणी ना कुणी विचारतोच. समितीतल्या एका सरांनी विचारलं: साथ सुरू असताना लोक पाच गुण देणारच. यातून नवीन काय कळलं?

त्या रात्रीचं ती सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. मी अजून थांबायला पाहिजे."

ती थांबली. दीड वर्ष थांबली. नोंदणीची मुदत वाढवून घेतली, मधल्या काळात दुसऱ्या लाटेत आबा आजारी पडून घरच्या घरी बरे झाले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिनं त्याच माणसांना तिसऱ्यांदा गाठलं, या वेळी स्कूटीवरून. सरासरी आली दोन पूर्णांक नऊ. बसप्पा तोवर चांगले हिंडते-फिरते झाले होते. त्यांनी तीन दिले.

"तुम्ही पाच म्हणाला होतात," ती म्हणाली.

"म्हणलो आसंल," बसप्पा म्हणाले. "आता सिमेंटचं बघा मॅडम, सिमेंटचं लई अवघड झालंय. त्याला पाच लिवा."

तिथून ती तडक ग्रंथालयात आली आणि माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली, "मिळालं." माणसं शेवटची ठेच मोजतात आणि दोन वर्षांत तीही विसरतात. मग नुसत्या गुणांच्या यादीवर योजना कशी सोडायची? धोका कुठला येणार, हे कुणालाच सांगता येत नाही. तो आल्यावर हात घालणारं माणूस किती अंतरावर आहे, हे मात्र आधी मोजता येतं. व्हॉल्व्ह ओळखणारी दुसरी व्यक्ती गावात आहे का? मोटर उघडणारा किती कोसांवर? सुटा भाग तालुक्याला मिळतो की पुण्याला? बारा गावांत तिनं हे मोजलं. साथीच्या काळात नळ किती दिवस बंद राहिले, याच्याशी हे आकडे जुळले. आधीचे गुण जुळले नाहीत.

प्रबंध गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरला तोंडी परीक्षा लागली. मी रजा टाकून सोबत गेले. दुपारपर्यंत चालली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयानं मोठ्या होत्या, त्यांनी तासभर बारकाईनं विचारलं. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "तुमचा पहिला फॉर्म चुकला, हे तुम्ही लपवू शकला असता. पूर्ण प्रकरण का लिहिलंत?"

श्रावस्ती म्हणाली, "मॅडम, तो चुकला, म्हणूनच पुढचं कळलं. आणि लोकांनी तीनदा वेळ दिला होता. त्यांनी पहिल्यांदा काय सांगितलं, ते मी गाळलं असतं तर त्यांच्याशी खोटं वागल्यासारखं झालं असतं."

बाईंनी मान हलवली. आम्हाला बाहेर बसवलं आणि दहा मिनिटांनी बोलावून अभिनंदन केलं. बिराजदार सरांनी तिला हात जोडले. सर असे हात जोडतात, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं घरी फोन लावला. मथुराबाईंनी पहिल्यांदा जेवलीस का विचारलं, मग झालं का विचारलं. मागून आबा म्हणत होते, "जयभीम म्हण तिला, जयभीम म्हण."

मला तिथंच बहिणीकडं थांबायचं होतं. तिला उमरग्यावरून जाणाऱ्या हैदराबादच्या एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिचा फोन आला.

"अयोध्या, मी तलमोडच्या टोलनाक्यावर आहे."

"तिकडं कशाला गेलीस?"

"झोप लागली. नळदुर्गच्या आधीच लागली असणार. उमरगा येऊन गेलं, मला पत्ताच नाही. कंडक्टरनं उठवून विचारलं, बाई, कर्नाटकात जायचंय का?"

मी हसायला लागले, तर तीही हसायला लागली. तिथं एका गाड्यावर गरम मिरचीभजी मिळत होती. पुडी घेऊन ती रस्त्याकडंच्या बाकावर बसली होती. परतीची गाडी अर्ध्या तासानं होती, पण तिला घाई नव्हती. फोनमधून मला तिचं खाणं ऐकू येत होतं आणि शेजारून एकामागून एक जाणारे ट्रक.